आटणीचं माप

तो अर्ज मी लिहिला होता. खाली सही नव्हती, फक्त ‘एक त्रस्त नागरिक’ एवढंच होतं. तो नागरिक म्हणजे मी, पोरांना शुद्धलेखन शिकवणारा मास्तर.

अर्ज शेजारच्या कांबळेमामांविरुद्ध होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मामांनी एका धरणाच्या कार्यालयातून भंगारात निघालेली मोटारबोट लिलावात घेतली आणि कोल्हापुरात, आमच्या दोघांच्या मधल्या बोळात आणून ठेवली. सोळा फुटी, फायबरची, तळाला भेग पडलेली. आत बाभळीचं रोप उगवलं होतं. येणारा-जाणारा विचारायचा, “काय पावणं, रत्नागिरीला कवा निघताय?” मामा पॉलिश पेपर घासत मान वर न करता म्हणायचे, “तुमी व्हा म्होरं. आलोच.”

मामा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतायच्या वस्तूचा आधी लाकडी नमुना करायचा. ओतलेलं लोखंड निवताना आटतं, म्हणून नमुना थोडा मोठा ठेवायचा. तीस वर्षं हेच केल्यामुळे जगातल्या कुठल्याच मापावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. “आटतंय की ओ मास्तर, आटणी धरा!” दोघांसाठी चहा सांगितला की तीन कप यायचे. शर्ट एक नंबर मोठा. नऊच्या लग्नाला ते सातला पोचायचे आणि मांडववाल्याला खुर्च्या लावू लागायचे. मी कंपाऊंडची भिंत घालताना त्यांना माप घ्यायला बोलावलं, तर म्हणाले, “वीतभर आत घ्या.” मी म्हटलं, “भिंत कुठं आटते, मामा?”

“भिंत न्हाय आटत. शेजार आटतो.”

बोटीचं इंजिन ते मोरीत तपासायचे. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. मामींनी भरून ठेवलेल्या पिंपात इंजिनाचा पंखा बुडवून मामा दोरी ओढायचे. घर थरथरायचं, पाणी छताला लागायचं. अंगानं काडी झालेल्या मामी नाकाला पदर लावून दारात उभ्या असायच्या. “धुन्याचं मशीन घेतलंय म्हनून सांगते मी बायकांस्नी,” म्हणायच्या.

मग भेग बुजवायचं काम निघालं. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर रेझिनचा चिकट लेप. वास आमच्या भातापर्यंत यायचा, घासलेली पूड वाळत घातलेल्या कपड्यांवर बसून अंगाला खाज सुटायची. हा त्रास खरा होता. पण अर्जाचं कारण तो नव्हता. मी जुनी मारुती घेतली होती आणि ती लावायला मला तो बोळ हवा होता. अर्जात मी ‘विनापरवाना रासायनिक कारखाना’ असं लिहिलं. ते शब्द सुचले तेव्हा मला आनंद झाला होता, हेही कबूल करतो.

मार्चमध्ये सरकारी माणसं आली. काम बंद ठेवायची नोटीस दिली, रेझिनचे डबे उचलून नेले. मी खिडकीआड उभा होतो. कुणापुढे कधी न वाकलेले मामा म्हणत होते, “सायेब, तीन आठवडं द्या. ह्यो मे म्हैना हुकाया नको.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारायला बाहेर गेलो नाही.

परवानगी मिळाली तेव्हा जून लागला होता. पावसाळी हवेत रेझिन नीट धरत नाही. मामांनी बोटीवर ताडपत्री टाकली. बोट बोळातच राहिली, माझी मारुती रस्त्यावरच.

दिवाळीच्या आधी मामी गेल्या. मूत्रपिंडाचा आजार दोन वर्षांपासून होता. भिंतीपलीकडे असून आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मलकापूरकडून त्यांचा भाऊ आला होता. ताडपत्रीकडे बघत तो मला म्हणाला, “आमचं गाव धरणात गेलं. मे म्हैन्यात पाणी उतरलं की मदी शाळा तेवढी वर येती, बेटागत. ताई तितं चौथीपतुर शिकली. यकदा त्या पायरीवर बसायचं हुतं तिला. तितं होडी कुठली? दाजी म्हणालं, ह्या मे म्हैन्यात न्हेतो.”

त्यानंतर सात वर्षं मी गप्प राहिलो. मामांनी भेग त्या हिवाळ्यात बुजवली. मग दर रविवारी ते ताडपत्री काढायचे, ती भेग पुन्हा घासायचे, पुन्हा रंगवायचे. बोट पाण्यात कधी गेली नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “बसनार कोन?”

शेवटी एका रविवारी मी बोळात गेलो. “मामा, तो अर्ज मी लिहिला होता.”

“ठावं हाय. सायबानं कागद दावला हुता. कॉलनीच्या फळ्यावर रोज तुमच्याच अक्षरातला सुविचार वाचतो की.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

मामांनी हातातला पॉलिश पेपर उलटा करून घेतला. “माप माझंच चुकलं, मास्तर. सगळ्याला आटणी धरली. तिच्या दिसांना न्हाय धरली.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. “चुकलं माझं, मामा,” मी म्हणालो. ते घासत राहिले. पेपरचा आवाज जराही थांबला नाही. मध्ये सात वर्षं गेली होती. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यातलं बरंच आटलं असणार.

म्हणून मी खाली बसलो, त्यांच्याजवळचा दुसरा पेपर घेतला आणि पुन्हा म्हणालो, “चुकलं माझं.”