फ्रिजवरचा नु

थोरलीला शुक्रवारी जपानीच्या बाईंसमोर हिरागाना लिपी वाचून दाखवायची होती. पास झाली तर जिवलग मैत्रिणीबरोबर वरच्या वर्गात. नापास झाली तर पुन्हा पहिल्यात, दात पडलेल्या पिल्लांच्या मांडीला मांडी लावून! म्हणून तिने घरभर एकेका अक्षराची रंगीत चिठ्ठी चिकटवली. फ्रिजवर नु, आरशावर मे, नळावर हा. बघता बघता पोरगी तयार! फ्रिज दिसायचा अवकाश, तोंडातून ‘नु’ बाहेर. येता-जाता बाबांचंही पाठ झालं.

वर्गात मात्र बाईंनी नुचं कार्ड धरलं आणि थोरलीची दातखीळच बसली. कार्डामागे फ्रिज कुठे होता?

“बाई, मला येतं हो! घरी अगदी धडाधड येतं. तुम्ही घरी येता का?”

बाई म्हणजे देवमाणूस. थोरलीने आईला फोन करून बाई येताहेत म्हणून कळवलं आणि वर्ग सुटल्यावर बाईंना घेऊन थेट घरी आली.

थोरली फ्रिजसमोर ऐटीत उभी राहिली. “नु!”

“चूक.”

“अं? बरं, आरसा... मे!”

“चूक.”

नळाने तर पार नाकच कापलं. थोरलीला घेरी यायची तेवढी बाकी होती.

“बाई, जरा चष्मा पुसता का?” बाबा मध्ये पडले. “फ्रिज नुच आहे. मी स्वतः पाठ केलाय.”

“अहो, पाहुणे येणार म्हणून मी घर आवरलं,” आई कौतुकाने म्हणाली. “कुठेही कसलाही रंग! मग चिठ्ठ्या काढून नीट जुळवून लावल्या. निळ्या फ्रिजला निळी, पिवळ्या बादलीला पिवळी.”

“आई गं!”

“ओरडतेस काय? किती छान दिसतंय!”

बाईंनी कसंबसं हसू दाबलं. फ्रिजवरची चिठ्ठी काढून त्यांनी थोरलीच्या नाकासमोर धरली. “आता फ्रिज विसर. हे अक्षर कोणतं?”

थोरलीने चिठ्ठीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. डोक्याचा पार भुगा झाला होता.

“बाई,” ती चाचरत म्हणाली, “आवरायच्या आधीचं सांगू की नंतरचं?”

सोमवारी थोरली मान खाली घालून पहिल्या वर्गात शिरली. पिल्लं खिदळत होती, पण तिला पाहून नाही. मधल्या चिमुकल्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, बाबा बसले होते.

“बाबा! तुम्ही इथे?”

“बस गुपचूप,” बाबा सरकत कुजबुजले. “आपला फ्रिज नु नाही, हे त्या बाईंनी आधी मला पटवून द्यावं!”