टेपवरचा लाल दोरा

"बाई, मी एकदा घेतलेलं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!"

वर्ष सुरू होताच मास्तरांनी बालवर्गात ही गर्जना केली आणि मंडळी, तिथंच घात झाला. मास्तर म्हणजे शिंपी. बायको गेलेली, मुलगा परदेशात, दुकान बंद. घरात बोलायला भिंती तेवढ्या उरलेल्या. म्हणून ते रोज सकाळी पोरांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवायला फुकटात जाऊ लागले होते.

वर्षाअखेर निरोपाचा कार्यक्रम असे. प्रत्येक पोरानं छातीवर एक अक्षर लावलेला झगा घालायचा आणि आपलं अक्षर मोठ्यानं वाचायचं. यंदाचे झगे शिवायचं मास्तरांनी अंगावर घेतलं.

"अहो, मापं नंतर घ्या की! घाई काय आहे?" बाई म्हणाल्या.

घाई होती! संध्याकाळ खायला उठायची ना! मास्तरांनी मापं घेऊनच टाकली. रांगेत सगळ्यात पुढं गोलमटोल भोपळ्या, शेवटी चिमणी. तिला तेव्हा सगळी अक्षरं झाडूसारखी दिसायची. तिनं टेप ओढली.

"आता तुमचं माप!"

टेप मास्तरांच्या पोटाभोवती फिरली. आकडा वाचता येतोय कुणाला? तिची समजूत काढायला मास्तरांनी टेपवर तिथंच एक लाल दोरा बांधला.

मग रोज संध्याकाळी शिवण. तीही सावकाश, कारण लवकर संपली तर पुढं काय करायचं? शिवलेला झगा खुर्चीच्या पाठीवर चढवायचा आणि दम भरायचा, "भोपळ्या, आज किती दंगा केलास! नीट बस!" भोपळ्याचा झगा मुकाट ऐकून घ्यायचा. हळूहळू घरातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या. मास्तरांना एकटं वाटेनासं झालं, म्हणजे दिवा मालवेपर्यंत तरी.

इकडं वर्गात पोरं डब्यातला घास पुढं करायची, "आजोबा, आ करा!" पुस्तकाचं एखादं पान गाळलं तर चिमणी मनगट धरायची, "हे राहिलं! मी वाचते!" वाचायलाही लागली की पोरगी! पण ती वाढतेय हे काही मास्तरांना दिसलं नाही. दिसणार कसं? घरी खुर्चीवर ती रोज तेवढीच असायची.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. भोपळ्याचं डोकं झग्यात शिरलं ते बाहेरच येईना! "आजोबा, रात्र झाली!" तो आतून ओरडला आणि तसाच दुसऱ्यावर आदळला. कुणाचे हात वरच अडकले, कुणाचं बटण बाईंच्या चष्म्यावर!

"मास्तर, पडदा उघडतोय!"

मास्तरांनी कात्री उचलली आणि एकेका झग्याची पाठ उभी कापली. "खबरदार! कुणी पाठ फिरवायची नाही!"

पोरांनी अक्षरं काय झोकात वाचली! चिमणीनं तर आपलं वाचून शेजाऱ्याचंही वाचलं. टाळ्या पडल्या, आणि पोरं वळून धूम पळाली. सभागृहाला सगळ्या उघड्या पाठी दिसल्या. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

चिमणीची आई विचारत होती, "अगं, झगा असा कसा?"

"हा मी लहान होते तेव्हाचा आहे," चिमणी म्हणाली.

आता ही पोरं मोठ्या शाळेत जाणार. मास्तर झगे गोळा करू लागले.

"नव्या पोरांना पहिल्या दिवशी स्वागताला होतील हे," बाई म्हणाल्या. "पाठी शिवून आणा. मात्र निरोपाच्या झग्यांची मापं आता वर्षाच्या शेवटी!"

"आणि तोवर संध्याकाळी मी करू काय?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात चिमणी धावत आली. मास्तरांच्या गळ्यातली टेप ओढून तिनं त्यांच्या पोटाभोवती गुंडाळली, लाल दोरा शोधला आणि सगळ्या आयांना ऐकू जाईल अशी किंचाळली,

"आजोबा, तुम्हीपण वाढलात!"

मास्तरांनी श्वास रोखून पोट आत ओढलं. दोरा काही पुरला नाही.