घासून काळं

जुम्म्याच्या नमाजला निघताना जैनुद्दीन मेस्त्रीने समोरच्या गोजरबाईंना एवढंच सांगितलं, “मावशी, ओट्यावर सामान हाय, जरा लक्ष ठेवा.” आता यात चूक कुणाची, हे राहुरीच्या त्या गल्लीत अजून ठरलेलं नाही.

सामान म्हणजे पारनेरच्या आप्पासाहेबांच्या जुन्या फियाटचे नट-बोल्ट, बिजागऱ्या आणि पट्ट्या. आप्पासाहेबांचा हट्ट असा, की गाडी नवी होती तेव्हा हे सगळं काळं होतं, तर आताही काळंच पाहिजे. वरून रंग फासलेलं नव्हे, लोखंडात मुरलेलं काळं. म्हणून जैनुद्दीनने एकेक बोल्ट भट्टीत तापवून जळक्या ऑइलात सोडला होता. त्याने लोखंड काळंही होतं आणि गंजतही नाही. संध्याकाळी आप्पासाहेब बघायला येणार होते. पसंत पडलं नाही तर गाडी पुण्याला नेतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आणि जैनुद्दीनने तर ही गाडी आपल्याकडे आल्याचं अर्ध्या तालुक्याला ऐकवून ठेवलं होतं.

गोजरबाईंनी लक्ष ठेवलं. लक्ष ठेवायचं म्हणजे बघणं आलं, आणि बघितल्यावर त्यांना राहवेना. लग्नकार्यातली करपलेली पातेली सगळी गल्ली जिच्या दारात घासायला आणून टाकते, अशी ही बाई. चिंच, विटेची पूड, राख आणि काथ्या घेऊन त्या बसल्या. जैनुद्दीन परत आला तेव्हा ओट्यावर नुसती चांदी पसरली होती.

“लई घान हुतं रे बाबा,” पदराला हात पुसत गोजरबाई म्हणाल्या. “एवढा कामाचा मानूस तू, आन सामान असलं?”

रडावं की ओरडावं, जैनुद्दीनला कळेना. त्याने एक बोल्ट उचलून उन्हात धरला आणि त्याचा राग जागच्या जागी विरला. बोल्टच्या माथ्यावर बारीक अक्षरं होती. इतके दिवस तो बोल्ट हाताळूनही ती त्याला दिसली नव्हती. अहो, तारेच्या ब्रशने जे निघालं नाही ते या बाईने काथ्याने काढलं होतं, आट्याआट्यातून! कमाल म्हणजे कमाल. ओरडायचं तरी कुठल्या तोंडाने?

तेवढ्यात आप्पासाहेबांचा फोन आला, निघालोय म्हणून. जैनुद्दीनने घाईघाईने भट्टी पेटवली.

लखलखीत बोल्ट डोळ्यांदेखत पुन्हा काळ्या तेलात जाऊ लागले, तशा गोजरबाई खवळल्या. त्याने परोपरीने सांगून बघितलं. मी घासायचं आन तू काळं करायचं व्हय, असं म्हणून त्या पाठ फिरवून बसल्या.

पण पहिला बोल्ट तेलातून वर आला आणि जैनुद्दीन बघतच राहिला. कुठे डाग नाही, तांबूस झाक नाही. पिकल्या जांभळासारखं एकसारखं काळं. स्वच्छ लोखंडाने काळेपण कसं पोटभर पिऊन घेतलं होतं. सकाळचं आपलं काम आठवून त्याला लाज वाटली. “सुभानल्ला,” तो हळूच म्हणाला, आणि दुसरा बोल्ट काढून पुन्हा तेच म्हणाला.

निम्मे बोल्ट बसले असतील नसतील, तोच आप्पासाहेब आले. चष्मा लावून बॉनेटखाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. गल्ली गोळा झाली.

“हे काम कुणाच्या हातचं?” शेवटी त्यांनी विचारलं. “मी पुण्यातसुद्धा असलं काळं बघितलं नाही.”

“तापवलं मी, सायेब,” जैनुद्दीन म्हणाला. “पन हात या मावशींचा. त्यांनी घासलं म्हनून असं काळं झालं.”

आप्पासाहेबांनी सगळ्यांसमोर गोजरबाईंना हात जोडले. गोजरबाईंचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर घासून कमावलेलं नाव, आणि हा मेस्त्री चारचौघांत सांगतो, मावशींनी घासलं म्हणून काळं झालं.

“सायेब, ह्याचं काय बी ऐकू नका,” त्या म्हणाल्या. “मी घासल्यालं असलं नसतंय. माझा हात बघायचा आसंल तर घरात चला, पातेलं दावते.”

आप्पासाहेब मुकाट्याने त्यांच्या मागून गेले, आणि त्यांच्या मागून सगळी गल्ली. फियाट बॉनेट उघडं टाकून रस्त्यावर एकटीच उभी राहिली. थोड्या वेळाने आतून आप्पासाहेबांचा भारावलेला आवाज आला, “जैनुद्दीन, गाडी तुझ्याकडंच राहू दे. पण आधी हे पातेलं बघायला ये.”