चाळीस नंबरवरची व्हायोलेट

मी छातीठोकपणे सांगतो, गाडीमागे बावीस फुटी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, कशी ओढायची आणि कशी उलटी घ्यायची, हे अख्ख्या दक्षिण ऑस्ट्रेलियात मला जितकं कळतं तितकं कुणाला कळत नाही! असं मी म्हटलं की आमची ग्लेनिस खोकते. चौतीस वर्षं झाली लग्नाला, तिचा खोकला काही बरा होत नाही.

तर त्या दिवशी सकाळी मुक्काम हलवताना मी कॅरव्हॅन झोकात मागे घेतली आणि माझ्या मोठ्या मेहुणीच्या, बेरिलच्या, घडीच्या खुर्चीवरून चाक घातलं. बेरिल तीत बसलेली नव्हती. तरीसुद्धा तिने एवढा आरडाओरडा केला की समोरच्या काटेरी झुडपातले पोपट उडून गेले.

"तू मागे बघतोस तरी का?" बेरिल ओरडली.

"आरशात बघत होतो."

"स्वतःला!"

ग्लेनिस खोकलीसुद्धा नाही. ती खोकली नाही की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. शांतपणे तिने आपली टोपी उचलली, बहिणीच्या गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "नेव्हिल, मी बेरिलबरोबर जाते. मलगा वेलच्या मुक्कामाला पोचेपर्यंत विचार करते. तिथे काय ते सांगते."

काय सांगणार होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. बेरिलच्या शेजारी, समुद्रकाठी, एक फ्लॅट विकाऊ होता. दोन खोल्या, एक गॅलरी, खाली म्हाताऱ्यांचं बोलिंगचं मैदान. सहा आठवड्यांची ही सहल म्हणजे शेवटची परीक्षा होती. पास झालो तर कॅरव्हॅन राहणार, नापास झालो तर कॅरव्हॅन विकून मी गॅलरीत. आणि आता भुईसपाट खुर्चीची ती निशाणी मागे ठेवून आम्ही निघालो.

बेरिलची गाडी पुढे, तिची धूळ खायला नको म्हणून मी तीन किलोमीटर मागे. निघताना रिवाजाप्रमाणे, गाड्यागाड्यांत बोलायच्या रेडिओचा माइक उचलून चाळीस नंबरवर सांगितलं, "बावीस फुटी कॅरव्हॅन, मलगा वेलकडे निघालीय, सांभाळून या हो!" या रस्त्याला सगळे ट्रकवाले, कॅरव्हॅनवाले चाळीस नंबर लावून बसलेले असतात. मग माइक दिला टाकून डावीकडच्या रिकाम्या सीटवर. तिथे बेरिलच्या फळांच्या केकचा डबा होता. सहलीसाठी खास केलेला. एका हाताने उचलला तर खांदा निखळेल असा.

पुढे रस्ता म्हणजे नुसता पन्हाळी पत्रा. दात वाजतात, आरसे हलतात, चष्मा नाकावरून हनुवटीवर येतो. त्या थरथरीत तो डबा सरकत सरकत आला आणि माइकच्या बटणावर ठाण मांडून बसला. मला पत्ता नाही!

आता या बटणाची गंमत अशी, की ते दाबलेलं असलं की तुम्ही बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि दुसऱ्या कुणाचं तुम्हाला ओ की ठो ऐकू येत नाही. बेरिलशी बोलताना माझं जे होतं त्याच्या अगदी उलट. रेडिओ गप्प झाला तेव्हा मी म्हटलं, वा, आज रस्ता आपल्या एकट्याचा!

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. एकटा असलो की मी कॅरव्हॅनशी बोलतो. हसू नका, ओढणारे सगळेच बोलतात, फक्त कबूल करत नाहीत. तिच्या पाठीवर ग्लेनिसने 'दुसरा डाव' असं नाव रंगवलंय. पण मी तिला गुपचूप व्हायोलेट म्हणतो.

"हळू, राणी, हळू," मी म्हणालो. "लागलं का? मला कळतंय गं, हा रस्ता तुझ्यासाठी नाही."

खड्डा गेला.

"काल आंघोळ घातली तेव्हा कसली चमकत होतीस! ग्लेनिस झोपली होती म्हणून बरं. मागून जरा जड झालीयेस हल्ली, पण मला चालतं. ग्लेनिसला तू डोळ्यांसमोर नको आहेस, व्हायोलेट. तिला मला नेऊन फ्लॅटमध्ये कोंडायचंय. पण तुझ्या कुशीत जी झोप लागते ती मला दुसरीकडे कुठे लागणार?"

एवढ्यात समोरून एक ट्रक आला. तीन डबे लावलेला, आगगाडीएवढा. आमच्याकडे समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळखीचा असेल तर दोन. मी एक उचललं. त्याने अख्खा हात बाहेर काढून हलवला आणि भोंगा वाजवला! लांबलचक!

म्हटलं, बघा! कॅरव्हॅन कशी ओढावी हे ट्रकवाल्यांच्या नजरेतून सुटत नाही.

पुढे एक कॅरव्हॅन आली. चालवणारा हसत होता, शेजारच्या बाईने तोंडावर हात धरला होता. त्यामागच्या गाडीतला म्हातारा चक्क मूठ उगारून काहीतरी ओरडला. मीही मूठ उगारून "धन्यवाद!" म्हणालो. मागून आणखी एक ट्रक सारखे दिवे मारत होता. पुढे जायचं असेल म्हणून मी बाजूला झालो, तर तोही हळू झाला. दोनदा झालो, दोनदा हळू झाला. माझ्या मागेच राहायचं होतं त्याला! इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. ऊर भरून आला अगदी.

ऊर भरून आला की माझी जीभ सैल सुटते. "तुला म्हणून सांगतो व्हायोलेट, कुणाला बोलू नकोस. परवा उतारावर चाकाला लावायला दगड सापडेना, तेव्हा बेरिलचा केक लावला! रात्रभर तसूभर हलला नाही! सकाळी पुसून परत डब्यात ठेवला."

तेव्हा पुढे लांबवर बेरिलच्या गाडीचा धुरळा एकदम तिरका गेला आणि पुन्हा सरळ झाला. कांगारू आडवा आला असेल, असं मला वाटलं.

पुढे नुसता सरळ रस्ता. लाल माती, निळं आभाळ, मध्ये मी. बाजूची सीट रिकामी.

"खरं सांगू, व्हायोलेट? ग्लेनिस म्हणाली तुला सोड, तर मी सोडीन. रडेन, पण सोडीन. सकाळी मी चहा करतो तो दोन मगांत ओततो. चौतीस वर्षांत एका मगात ओतायला शिकलोच नाही. सूर्य बुडताना मी 'ते बघ' म्हणतो आणि ती 'बघतेय' म्हणते, तेवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. ती नसली तर मला धड एक वळण घेता येत नाही. आत्ता दीड तास झाला, आणि मला करमत नाहीये, बघ."

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला. या वेळी अगदी हळू, छोटासा.

मलगा वेल म्हणजे पेट्रोलचे दोन पंप, थेल्माची खानावळ आणि मागे कॅरव्हॅन लावायचं आवार. मी आवारात शिरलो तर काय! वीस-पंचवीस माणसं घडीच्या खुर्च्या टाकून ओळीने बसलेली. नवीन कॅरव्हॅन आली की ती उलटी घेताना बघायला लोक बसतात, संध्याकाळची करमणूकच असते ती. पण भर दुपारी? आणि थेल्मासुद्धा भटारखाना सोडून बाहेर?

मी ऐटीत उतरलो. "नमस्कार मंडळी! एका झटक्यात घेतो, बघाच!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून घरंगळून गाडीच्या डाव्या दारावर. पलीकडे ग्लेनिस हाताची घडी घालून उभी. बेरिलचं तोंड बीटरूटसारखं लाल.

माझ्यामागचा ट्रक थांबला आणि त्यातून बारक्या उतरला. आमच्याकडे ही रीतच आहे, टकल्याला कुरळ्या म्हणायचं आणि डोंगराएवढ्या माणसाला बारक्या.

"कुठाय ती?" थेल्माने विचारलं.

"कोण?"

"व्हायोलेट!"

 "तुम्हाला व्हायोलेट कशी माहीत?"

"अख्ख्या रस्त्याला माहीत आहे!" बेरिल कडाडली. "निलाजऱ्या! बायकोला धुळीत पुढे पाठवून मागे रंग उधळतोस! मी ग्लेनिसला म्हटलंच, मागच्या मुक्कामावरची ती लाल टोपीवाली असणार, ती पहाटे पाय वर करून व्यायाम करत होती ती!"

"अगं, पण..."

"गाडीत लपलीय का?" बारक्यामागोमाग पोचलेल्या एका म्हाताऱ्याने खुर्ची टाकत विचारलं. मघाचा मूठवाला. "मी ऐंशी किलोमीटर उलटा आलोय तिला बघायला!"

बारक्याने डावं दार उघडलं. सीटवर केकचा डबा, डब्याखाली माइक. त्याने डबा उचलला, दोन्ही हातांनी, आणि त्याबरोबर आवारातल्या सगळ्या रेडिओंतून एकदम सात-आठ आवाज बाहेर पडले. "सुटलं! सुटलं! बटण सुटलं!"

मग मला सगळं कळलं. ते भोंगे, ते हात, ती मूठ! कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालो. शेवटी बोट वर केलं आणि कॅरव्हॅनकडे दाखवलं.

"ही," मी म्हणालो. "हीच व्हायोलेट."

सगळ्यांनी वळून कॅरव्हॅनकडे बघितलं. मग थेल्माच्या नाकातून असा काही आवाज आला की तिथून जो हशा सुरू झाला तो थांबेचना. मूठवाला म्हातारा खुर्चीसकट उलटा पडला. एकटी ग्लेनिस हसली नाही.

"नेव्हिल," ती म्हणाली, "चौतीस वर्षांत मला कधी राणी म्हणालास?"

"म्हणालो असेन गं..."

"माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा 'जेवणाचं काय' असं विचारलंस! आणि या पत्र्याच्या डब्याला, 'लागलं का राणी?'"

 फ्लॅटची गॅलरी डोळ्यांसमोर नाचायला लागली.

"बाई," बारक्या पुढे झाला, "तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत का?"

"बेरिलने बंद केला रेडिओ."

"केकचं आलं तेव्हा?"

"मग काय टाळ्या वाजवू?" बेरिल म्हणाली.

"अरेरे!" सगळे एका सुरात हळहळले. "खरा भाग तर पुढेच होता!"

बारक्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि घसा खाकरला. त्या डोंगराने माझं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं! तुला सोडीन म्हणालो ते, रडेन म्हणालो ते.

"चहा विसरलास!" थेल्मा ओरडली.

"येतोय, येतोय. दोन मगांत ओततो, एका मगात ओतायला शिकलोच नाही." इथे बारक्याचाच आवाज चिरकला. "आणि मग ते सूर्याचं."

"'ते बघ' म्हणतो, 'बघतेय' म्हणते," म्हाताऱ्याने पुरं केलं आणि नाक शिंकरलं.

ग्लेनिस माझ्याकडे बघत राहिली. मी बुटांकडे. देवा, भर चौकात कपडे वाळत घातल्यासारखं वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं.

"चावी दे," ती म्हणाली.

संपलं, म्हटलं. दिली चावी. ती गाडीत बसली, आरसा नीट केला आणि म्हणाली, "सरका सगळे. माझ्या सवतीला मीच जागेवर नेते."

आणि तिने ती बावीस फुटी कॅरव्हॅन दोन झाडं आणि एक पाण्याचा नळ यांच्यामधून एका दमात मागे घेतली. एका दमात! ना पुढे, ना मागे, ना किंचाळणं! लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

"तू हे कुठे शिकलीस?" मी तोंड वासून विचारलं.

"चौतीस वर्षं तुझ्या मागे उभी आहे. चुकायचे सगळे प्रकार बघून झाले. उरला तो बरोबर!" ती खाली उतरली, पत्र्यावर एक थाप मारली. "विकायची नाही हिला. पण रोज सकाळी आधी मला राणी म्हणायचं, मग हिला. आणि माइक माझ्याकडे."

मी तिथल्या तिथे राणी म्हणालो. तीन वेळा म्हणालो. पुन्हा टाळ्या पडल्या.

बेरिल मात्र डबा पोटाशी धरून अजून उभीच होती.

"रात्रभर हलला नाही म्हणालास?"

"तसूभर नाही."

"चुरा?"

"कणभर नाही."

तिचा चेहरा हळूहळू उजळला. "आठवडाभर मनुका भिजवते मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पुढच्या वेळी दोन करीन. दोन्ही चाकांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी. मी दोन मगांत चहा ओतला, आणि मागे जाऊन बघतो तर 'दुसरा डाव'च्या खाली ग्लेनिसने ताज्या रंगाने लिहिलं होतं: 'व्हायोलेट. चाळीस नंबर. सांभाळून बोला.' रस्त्याला लागलो तोच समोरून एक ट्रक आला आणि त्याने अख्खा हात बाहेर काढून भोंगा वाजवला. त्यामागच्यानेही. मला भरून आलं, मीही खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवायला लागलो.

"हात आत घे, नेव्हिल," स्टिअरिंगमागून ग्लेनिस म्हणाली. "मला करतायत."

घेतला. तसाही दुसऱ्या एका हाताने मांडीवरचा केकचा डबा पेलवत नव्हता.