डॉक्टर हिरेमठ आणि अडलेली गाय

आमच्या मंद्रूपच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर हिरेमठ माणसांना अरे-तुरे करत आणि जनावरांना 'आपण' म्हणत. म्हैस आली की आधी तिची विचारपूस. "काय बाईसाहेब, आपल्याला चारा पचत नाही म्हणे?" मालक मधेच बोलला तर खेकसत, "तू गप. पेशंटला बोलू दे की!" मी शाळामास्तर, त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. एखाद्या शेळीइतका मान मला त्यांच्याकडून कधी मिळाला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल. बाजारात मोळी विकायला आलेल्या एका पारधी बाईनं मला सांगितलं, की माळावरच्या त्यांच्या पालांवर झेलाबाईची गाय सकाळपासून अडलीय. दुष्काळातून तगलेलं म्हातारीचं ते एकच जनावर.

"मग दवाखान्यात का नाही सांगितलं?"

"आमाला कोन आत घेतंय, मास्तर?"

मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी पिशवी उचलली. "चल."

माळावर पोचलो तर एकच पळापळ. "पोलीस आलं!" बाप्ये ओढ्यात उतरून दिसेनासे झाले. झेलाबाई तेवढी कुऱ्हाड घेऊन गाईपुढं उभी राहिली. डॉक्टरांनी स्वतःकडे पाहिलं. अंगात खाकी पँट!

"हात्तिच्या!" म्हणत त्यांनी ती काढली, बाभळीवर टाकली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत पुढं निघाले.

म्हातारी बघतच राहिली. मग कुऱ्हाड खाली आली. "असला पोलीस न्हाय बा बगितला!"

"बाईसाहेब, आपली परवानगी असावी," डॉक्टर गाईला म्हणाले आणि दंडापर्यंत साबण चोळून हात आत घातला. वासराचा एक पाय मागं दुमडला होता. वासरू मागं रेटायचं, खूर मुठीत धरून पाय पुढं आणायचा. गाय कळ देई, तेव्हा डॉक्टरांचा चेहरा तिच्याहून वेडावाकडा होई. शेवटी ते ओरडले, "सापडला!" वासराच्या पायांना दोरी बांधून त्यांनी टोक माझ्या हातात दिलं. "मास्तर, ओढ!"

वासरू बाहेर आलं, पण निपचित. डॉक्टरांनी त्याचं नाक-तोंड पुसलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, गोणपाटानं अंग खसाखसा चोळलं. "उठा महाराज, एवढे लोक ताटकळलेत."

महाराज शिंकले!

ओढ्यातून आरोळ्या उठल्या. पळालेले सगळे धावत आले. कुणी हलगी काढली, कुणी चड्डीतल्या डॉक्टरांना खांद्यावर घेतलं. झेलाबाई गाईच्या गळ्यात पडून हसत होती आणि डोळे पुसत होती.

वासरू दूध प्यायला लागलं, तसा मी म्हणालो, "निघू या."

"जेवल्याबिगर?" झेलाबाईनं डॉक्टरांना दरडावलं. "बस लेका."

मला वाटलं, डॉक्टर नाही म्हणणार. बायको गेल्यापासून ते स्वतःच स्टोव्हवर भात टाकत. माझ्याकडंसुद्धा कधी जेवले नव्हते. पण ते चुलीपाशी मांडी घालून बसले. म्हातारीनं गरम भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. ती संपायच्या आत न विचारता दुसरी वाढली.

"खा. किती वाळलायस! घरी कोन बघतंय का न्हाय तुला?"

डॉक्टर मान खाली घालून, अगदी सावकाश खात राहिले. मी पुन्हा 'निघू या' म्हणालो नाही.