सेकंदाला एकशे चव्वेचाळीस

डोळ्यांना काय दिसतं हे ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोडलं, तर कोणतंही कार्यालय आठवडाभरही चालणार नाही. म्हणून तायचुंग शहरातल्या आमच्या नकाशा दुरुस्ती केंद्रात (कर्मचारी आठ, प्रत्यक्ष नकाशे दुरुस्त करणारी एक) हा विषय समितीकडे असतो.

गेल्या उन्हाळ्यात केंद्राने एक उत्तम मॉनिटर घेतला. त्यावर ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार चारशे ठिपके आहेत आणि चित्र सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा नव्याने उमटतं, असं खोक्यावर छापलं होतं. जोडीला ग्राफिक्स कार्डही आलं. संचालक को साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि चित्र सेकंदाला तीस वेळा उमटू लागलं.

तीस काही वाईट नाही. माणसाची पापणीही इतक्यांदा लवत नाही. पण नकाशे दुरुस्त करणारी ती एक, पंग शिन-रू, हिला शेताची हद्द ओढताना रेघ मागे रेंगाळताना दिसे. दिवसाला चाळीस नकाशे करणारी बाई चोवीसवर आली आणि संध्याकाळी डोकं धरून बसू लागली. तिने रीतसर अर्ज केला.

वर्ष सरत आलं होतं. डिसेंबरात आमच्याकडे प्रत्येकाला श्रेणी मिळते आणि आठांतल्या दोघांना ‘ब’ मिळावीच लागते, मग सगळे कितीही गुणी असोत. (आम्ही सगळे गुणी आहोत.) शिन-रूला गेल्या वर्षी ‘अ’ होती. यंदाही मिळाली की बढती, आणि बढतीबरोबर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, तायतुंगला बदली. तिथे तिचे वडील पक्षाघातानंतर एकटे राहतात. चोवीस नकाशांवर ‘अ’ मिळत नाही.

संगणक विभागाचा आ-हुंग आला आणि त्याने दोन मिनिटांत दोष शोधला. मॉनिटरची वायर कार्डाच्या पोर्टमध्ये नव्हतीच. ती संगणकाच्या स्वतःच्या जुन्या पोर्टमध्ये होती, आणि ते तीसच्या वर जात नाही. कारण कार्डाच्या पोर्टसमोर हिरवा पुडा होता.

पुडा म्हणजे खोबऱ्याच्या चवीच्या पोंग्यांचा. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे तो यंत्रापाशी ठेवतात. हिरवाच हवा, मुदत उलटलेली नको, आणि आमच्या केंद्रापुरतं सांगायचं तर मुदत संपेपर्यंत हलवायचा नाही. नव्या कार्डाची सगळ्यांनाच धास्ती होती, म्हणून पुडा त्याला अगदी खेटून, चिकटपट्टीने पक्का केला होता. मुदत चौदा एप्रिलपर्यंत होती.

“मग सरकवा ना जरा,” शिन-रू म्हणाली.

“शिन-रू ताई, तुला काय जातंय बोलायला? उद्या सगळं बंद पडलं की निस्तरायचं कोणी? मीच ना?” आ-हुंग म्हणाला.

सुवर्णमध्य निघाला. नवी वायर मागवली, जाड, सोनेरी टोकांची, आणि ती त्याच जुन्या पोर्टमध्ये लावली. मग सात जणांच्या समितीने (म्हणजे शिन-रू सोडून सगळ्यांनी) पडद्याची पाहणी केली. ‘लक्षणीय सुधारणा’ असं मत चार जणांचं पडलं, ‘विलक्षण सुधारणा’ दोघांचं, आणि एकाने को साहेबांचं मत ऐकून मग सांगतो असं सांगितलं. तो मी.

“डोळ्यांना कसं गार वाटतंय बघा!” को साहेब म्हणाले.

“साहेब, आकडा अजून तीसच आहे. हा काय.”

“आकड्याकडे काय बघतेस पोरी? चित्राकडे बघ!”

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दिवे मालवून सगळे टेबलावर डोकं टेकून झोपले होते (ही झोप नियमात आहे). तेव्हा शिन-रूने चिकटपट्टी सोडवली, पुडा चार बोटं सरकवला आणि वायर कार्डात लावली. मी एक डोळा उघडा ठेवून पाहत होतो. दुपारी मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. रेघ हाताबरोबर येत होती. इतकं सुंदर काही मी त्या कार्यालयात एकवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. उरलेल्या अर्ध्या दिवसात तिने एकतीस नकाशे केले.

साडेचारला दुसऱ्या मजल्यावरच्या झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला. (तो सहा वर्षं दर शुक्रवारी अडकतो. त्या दिवशी शुक्रवार होता.) चौकशी झाली. पुडा चार बोटं सरकलेला सापडला. पुडा आणि वायर सन्मानाने मूळ जागी गेले.

शिन-रूला ‘ब’ द्यावी असा ठराव आला. कारणं दोन: कामात सातत्य नाही, आणि समितीला न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. सातही हात वर झाले. माझा जरा उशिरा झाला, पण झाला. दुसरी ‘ब’ कोणाला द्यायची हे अजून ठरायचं होतं. विरोधी मत द्यायची ती वेळ नव्हती.

संध्याकाळी ती जिन्यात फोनवर बोलत होती. “बाबा, यंदा नाही जमलं. बघू आता. जेवलात का?” मला लाज वाटली. इतिवृत्तात त्या लाजेची नोंद नाही.

तुम्ही आम्हाला हसत असाल, तर हसा. पोंग्यांच्या पुड्याला भिणारी माणसं म्हणजे हसण्यासारखीच. पण तुमच्या कचेरीतही वाकून वायर नक्की कुठे लागली आहे ते बघणारी एक कोणीतरी असेल. तिला सगळे भांडखोर म्हणतात. तिच्याविरुद्ध हात वर झाले, तेव्हा तुमचा कितवा होता?