दुसऱ्यांच्या डब्यातलं लायसिन

इंगवले सर दुसऱ्याच्या डब्यात न विचारता डोकावतात. आमच्या स्टाफरूममध्ये झाकण उघडायचा अवकाश, चष्मा कपाळावर चढवून ते खुर्चीमागे हजर. चव घ्यायला नव्हे, तपासायला.

"काय ओ मॅडम, नुसती भाकरी आणि बटाटा? लायसिन कुठाय?"

मी भूगोल शिकवते. लायसिन माझ्या डब्यात कुठल्या दिशेला असावं, याचा मला पत्ता नव्हता. सर जीवरसायनशास्त्राचे. त्यांनी ते समजावलं, म्हणजे समजेपर्यंत जेवूच दिलं नाही. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यातली काही आम्लं शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात. धान्यात त्यातलं लायसिन कमी आणि डाळीत मेथिओनिन कमी.

"म्हणून भाकरीसंगं झुणका. एकाकडं कमी ते दुसऱ्याकडं हाय. ताटात लग्नच लावतोय की आपण." तेव्हापासून आमच्याकडे कोरड्या भाकरीला 'बिनलग्नाची' म्हणतात.

सर मूळचे शिवाजी पेठेतले, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. आवाज असा, की शेजारच्या वर्गात मी टांगलेल्या सह्याद्रीच्या नकाशावर त्यांचे पेप्टाइड बंध येऊन आदळतात. प्रथिनांची रचना शिकवायची असली की ते घरून लांबलचक फेटा घेऊन येतात.

"ह्ये कापड म्हणजे साखळी. अमिनो आम्लं कुठल्या क्रमानं ओवलीत, त्यावर घडी कशी पडायची ते ठरतंय. आणि घडी नीट पडली तरच प्रोटीन कामाचं. न्हायतर काय? तेच कापड, तोच रंग, पण फेटा न्हवं, फडकं." मग समोरच्या बाकावरच्या एखाद्याला उठवून त्याच्या डोक्यावर फेटा बांधून दाखवतात.

एकदा कॉलेजात तपासणी समिती आली आणि तिचे अध्यक्ष नेमके या तासाला वर्गात शिरले. दारात पाऊल टाकतात तर समोर फेटा घेतलेला माणूस. कोल्हापुरात याचा एकच अर्थ होतो. अध्यक्षांनी विनयानं मान पुढे केली. मान आयतीच पुढे आलीय म्हटल्यावर सरांनीही फेटा बांधला, तो चांगला ऐटदार. मागून आलेल्या प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. सत्काराला उत्तर द्यायला अध्यक्ष घसा खाकरत होते, तोवर सर वर्गाकडे वळले. "आता ह्याला उष्णता देऊ," म्हणाले आणि टोक धरून सगळा फेटा उलगडला. "कापड तुटलंय का? न्हाय. घडी तेवढी मोडली. आता ह्येचा उपयोग शून्य." अध्यक्ष केस सारखे करत बाहेर पडले. प्राचार्य पुढचा आठवडाभर सरांशी बोलले नाहीत, आणि सरांच्या ते लक्षातही आलं नाही.

एवढे प्रोटीनचे प्रचारक, पण गेलं वर्षभर स्वतःचा डबा मात्र कुणाला दाखवत नव्हते. तो घेऊन प्रयोगशाळेत जायचे आणि दार लोटून एकटेच जेवायचे. सर आत सुकं मटण चेपतात, वाटावं लागू नये म्हणून लपतात, असं आमचं ठाम मत. पण मग एका सहकाऱ्याच्या निवृत्तीच्या जेवणात तांबडा-पांढरा रस्सा समोर असताना सरांनी भात आणि काकडी वाढून घेतली. पोट बिघडलंय म्हणाले. शर्ट खांद्यावरून ओघळत होता.

पुढे एका रविवारी भाचीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला मी त्यांच्या कसबा बावड्याच्या घरी गेले. दोघं नवरा-बायको जेवायला बसत होती. दोन ताटं, दोन्ही सारखी: भात, दुधीची भाजी आणि वाटीच्या तळाशी जेमतेम डाळ. मला काहीतरी गोड द्यायलाच हवं म्हणून सर कोपऱ्यावर पेढे आणायला गेले. तेवढ्यात वहिनींनी सांगून टाकलं.

"माझी किडनी गेलीया हो. मटण बंद, डाळ चमच्यानं, मीठ बेतानं. मला घासच उतरंना. डॉक्टर म्हणाले, जेवण असं टाकलंत तर हाताबाहेर जाईल. तर ह्येनी एक दिवस माझ्यासारखंच ताट वाढून घेतलं. म्हणाले, तू घास घेतलास की मी घेणार. तवापासून जेवतीया मी." मग दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "पण त्येंनी का वाळायचं? डबाबी तसलाच नेत्यात. तुमी कालिजात त्येंना उकडलेली अंडी चारा की. मी सांगितलं म्हणू नका."

सर परत आले तशी मी मान खाली घालून पेढा तोंडात टाकला. पेढ्यानं वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी मी दोन अंडी घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि सरांच्या डब्याशेजारी ठेवली. अंड्यातल्या अमिनो आम्लांवर हा माणूस तासभर बोलू शकला असता. पण त्यांनी ती कुणी पाठवली, हेही विचारलं नाही. उठून दाराला कडी घातली आणि खिडकीकडे पाठ करून एक अंडं खाल्लं. बेसिनवर हात साबणानं दोनदा धुतले, चूळ भरली, बडीशेप चघळली.

"मॅडम, घरी कळू देऊ नका," ते म्हणाले. त्यांचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "मी तिला टाकून जेवलो असं वाटंल तिला."

मी मान हलवली आणि दुसरं अंडं त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे ढकललं.

"नको. पोट भरलं तर रात्री भूक लागायची न्हाय. मी जेवलो न्हाय तर ती उठती ताटावरनं."